पेज नाय हाय

भादव्यात आमच्या घरात पेज असायची, नाहीतर काहीच नसायचं. शेतात भात उभं असायचं, पण हिरवं. डोंगराच्या उतारावरचा आमचा तुकडा पावसावरच पिकतो, आणि आदल्या वर्षीचं भात होळीच्या आसपासच संपलेलं असे. दिवाळीनंतर आय आणि बा पालघरजवळच्या माहीमला पानवेलीच्या वाडीत राबायला जायचे. ती मजुरी पावसाआधीच खर्चून जायची. रेशनचा तांदूळ महिनाअखेर गाठत नसे. मग दुकानातून कणी यायची, म्हणजे तुटका तांदूळ. मोठा टोप, भरपूर पाणी, मूठभर कणी आणि मीठ. वाढताना आय पळी तळापर्यंत घालून शितं आम्हा दोघी बहिणींच्या ताटलीत ओतायची आणि वरचं पाणी स्वतः प्यायची. मला पातळच आवडते, म्हणायची. मी ते पुष्कळ वर्षं खरं मानलं.

आमचा पाडा बोईसरच्या पूर्वेला. टेकाडावर उभं राहिलं की पार पलीकडे तारापूरची धुराडी दिसतात. पाड्यात जिल्हा परिषदेची शाळा आहे, चौथीपर्यंतची. मला पहिलीत घातलं तेव्हा तिथे एकच गुरुजी होते, घाटावरचे. आपली बदली इथे का झाली हा प्रश्न त्यांच्या तोंडावर रोज लिहिलेला असायचा. आमची बोली त्यांना कळत नसे आणि त्यांची मराठी आम्हाला. त्यांच्या मराठीत पुस्तकाला पानं असायची. आम्हाला पान ठाऊक होतं ते वाडीतलं, आय वेलीवरून खुडायची ते. तेवढं आम्ही महिन्याभरात समजून घेतलं. पण गुरुजींना मधूनच इंग्रजी शब्द टाकायची हौस होती. भादव्यातल्या एका सकाळी ते म्हणाले, "सगळ्यांनी पेज काढा. पेज नंबर सात."

त्या सकाळी आमच्याकडे चूल पेटली नव्हती. शाळेत दुपारी खिचडी मिळायची, त्यासाठी प्रत्येकाच्या दप्तरात ताटली असे. मला वाटलं, आता सकाळची पेजही सुरू झाली. मी ताटली काढून समोर ठेवली आणि नीट मांडी घालून बसले.

गुरुजी जवळ आले. "तुझं पेज कुठंय?"

आम्ही 'तुझी पेज' म्हणतो. ते 'तुझं' म्हणाले हे मला खटकलं होतं, आजही आठवतं. पण गुरुजी मोठे, शिकलेल्यांची पेज वेगळी असेल असं वाटलं.

"नाय हाय," मी म्हणाले.

"नाही म्हणजे? का नाही?"

"कनी सरली."

मागे चौथीची मुलं बसायची, ती फिसकन हसली. गुरुजींना वाटलं मी त्यांची टिंगल करते आहे. लाकडी पट्टी होती, ती हातावर बसली, दोनदा. सहा वर्षांची होते मी, आणि जे विचारलं त्याचं खरं उत्तर दिलं होतं. त्या दिवसापासून शाळेत माझं नाव 'पेज नाय हाय' पडलं. पुढे गुरुजीही हजेरीला कधीकधी तेच घ्यायचे आणि मी हजर म्हणायचे.

त्यांनी बाला बोलावून सांगितलं की पोरगी मठ्ठ आहे, हिला वाडीवर घेऊन जात जा, चार पानं तरी खुडेल. बा शाळेत काही बोलला नाही. तो कुठल्याच शाळेत, ऑफिसात, वाडीत काही बोलत नसे, कारण त्याने तोंड उघडलं की लोक हसायचे. तो 'हाय' म्हणाला की वाडीतल्या शेठची मुलं मागून 'हाय हाय' करून छाती बडवायची. घरी आल्यावर त्याने मला अंगणात उभं केलं. म्हणाला, आजपासून शाळेत आपली बोली बोलायची नाय. 'हाय' नाय बोलायचं, 'आहे' बोलायचं. बोल. मी बोलले. परत बोल, म्हणाला. रोज संध्याकाळी हा धडा चालायचा. स्वतःला 'आहे' म्हणता न येणारा माणूस माझ्याकडून ते घोटून घ्यायचा. मी चुकले तर मारायचा नाही, फक्त मान फिरवायचा. गुरुजींची पट्टी परवडली, असं मला तेव्हा वाटायचं.

त्या धड्यावरच मी पुढे गेले, हे मान्य करते. चौथीनंतर आश्रमशाळा, मग पालघरला कॉलेज, सुट्टीत माहीमच्या वाडीत आयबरोबर काम. मराठी विषय घेऊन मी बी.ए. झाले. आमच्या पाड्यातली पहिली. हे मी मुद्दाम लिहिते, कारण मला त्याचा अभिमान आहे आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही. निकालाचा कागद घेऊन घरी आले तेव्हा बाने तो उलटा धरला, मग सुलटा केला आणि देवाच्या फळीवर ठेवला. तो अजून तिथेच आहे.

नोकरी मिळाली ती तारापूरला, औषधाच्या कारखान्यात पॅकिंगची, कंत्राटदाराकडे. तिथे सगळी भाषा हिंदी. माझ्या आहे-नाहीचं तिथे कुणाला काही पडलं नव्हतं. सुपरवायझर म्हणायचा, "ग्रॅज्युएट है तो क्या, डब्बा सीधा रख." मी डबे सरळ ठेवत होते.

अशात एका संस्थेची माणसं पाड्यात आली. आमच्या शाळेत दोन भाषांचा वर्ग काढायचा होता. पहिली-दुसरीच्या मुलांना सुरुवात त्यांच्या घरच्या बोलीतून करायची, तिथून मराठीत आणायचं, मग इंग्रजी. त्यासाठी बोली येणारी पदवीधर बाई हवी होती. अशी बाई पंचक्रोशीत एकच होती आणि ती डबे भरत होती. पैसा एका कारखान्याच्या सामाजिक निधीतून येणार होता. मानधन पॅकिंगपेक्षा कमी होतं. मी हो म्हणाले.

गुरुजी केव्हाच बदलून गेले होते. त्यांच्या जागी एक बाई आल्या होत्या, सफाळ्याहून रोज येणाऱ्या, कामाला चोख. त्या पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या की बरं झालं तुम्ही आलात, मी तीन वर्षं या मुलांशी बोलते आहे आणि ती माझ्याकडे टीव्हीकडे बघावं तशी बघतात. आम्ही दोघींनी पुठ्ठ्याची कार्डं केली. एका बाजूला आमचा शब्द, दुसऱ्या बाजूला शाळेचा. सकाळचा पहिला तास मी बोलीत गोष्ट सांगायची, त्यातलेच शब्द मग त्या मराठीत लिहून घ्यायच्या. पहिलं कार्ड मी केलं ते पेजेचं. एका बाजूला टोप काढला, दुसऱ्या बाजूला उघडं पुस्तक, आणि दोन्हीकडे एकच शब्द लिहिला. त्याचा खेळ झाला. मी "तुझी पेज" म्हटलं की मुलं ओंजळ तोंडाला लावायची, "तुझं पेज" म्हटलं की झपकन पुस्तक उघडायची. चुकलेल्याला बाकीचे हसायचे, पण ज्याला हसायचे तोही हसायचा. मी खडू हातात धरून ते बघत बसायचे. मला आनंद व्हायला हवा होता. खरं सांगायचं तर मला राग यायचा. एवढंच होतं? वीस वर्षांपूर्वी एवढंच करायचं होतं?

दोन वर्षं वर्ग चालला. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी कारखान्याचे साहेब बघायला आले. मुलांनी त्यांना तोच खेळ करून दाखवला. साहेब हसले, भले माणूस होते. फोटो काढले. मग बाईंना म्हणाले, "ये सब ठीक है, मॅडम. इंग्लिश कब आएगा?" बाईंनी समजावलं की मूल आधी एका भाषेत वाचायला शिकलं की इंग्रजी जड जात नाही. साहेबांनी मान हलवली. पुढच्या वर्षी निधी आला तो मोठ्या टीव्हीसाठी. टीव्हीवर इंग्रजी बालगीतं लागतात. मुलं त्यावर नाचतात, आणि दारात उभे राहून आई-बाप बघतात की आपलं पोर इंग्लिश बोलतं. काय बोलतं ते पोरालाही विचारू नका. भिंतीवर मात्र 'द्विभाषिक वर्ग' ही पाटी निळ्या रंगात तशीच राहिली. वर्ग बंद, पाटी चालू.

बाई म्हणाल्या, सरकारकडे मागून बघू. वर पत्रकांत मातृभाषेतून शिक्षणाबद्दल चांगलं लिहिलेलं असतं. मी प्रस्ताव लिहिला. चांगला लिहिला, बी.ए. काय उगाच झाले होते? मुलांची आधीची आणि नंतरची वाचनाची नोंद जोडली, कार्डांचे नमुने जोडले, आणि पालघरला मुख्यालयात घेऊन गेले. चकचकीत इमारती, फरशीवर आपलंच तोंड दिसतं. टेबलावरच्या भाऊसाहेबांनी कागद चाळले आणि विचारलं, "पेज नंबर कुठंयत?"

मी कागद उलटसुलट करून बघितले.

"ताई, पेज नंबर टाकलेले नाहीत. असं घेता येत नाही."

'कनी सरली' हे शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते. त्यांना काय कळणार. मी जिन्यात बसून एकेका कागदावर आकडे टाकले आणि परत गेले. तोवर ते जेवायला गेले होते. पुढच्या खेपेला शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव कमी पडला, त्याच्या पुढच्या खेपेला केंद्रप्रमुखांचा शेरा. पाचव्या खेपेला आतल्या मॅडमनी स्वतः वाचलं. वाचून म्हणाल्या की फार चांगलं काम आहे, पण यासाठी लेखाशीर्षच नाही. लेखाशीर्ष नाही म्हणजे सरकारी वहीत त्या नावाचा रकाना नाही, आणि रकाना नसला की पैसा टाकायचा कुठे? सेमी इंग्रजी हवं असेल तर उद्यापासून सुरू करा, त्याला काही लागत नाही, असंही त्या म्हणाल्या. त्याला खरंच काही लागत नाही. पाटीवर दोन शब्द वाढवायचे, बस्स.

उरली ग्रामसभा. आमच्यासारख्या आदिवासी गावांत थोडा निधी असा येतो की तो कशावर घालवायचा हे ग्रामसभेने ठरवायचं असतं. माझ्या मते त्यातला एक तुकडा एका बाईच्या वर्षाच्या मानधनाला सहज पुरला असता. सरपंचांच्या डोक्यात त्या वर्षी रस्त्यापासून शाळेपर्यंत पेव्हर ब्लॉक होते.

सभा शाळेच्याच पडवीत भरली. विषय पाचवा माझा. मी उभी राहिले, काय हवं आहे ते सांगितलं. मग एकाने विचारलं की आपली बोली पोरांना येतेच, ती शिकवायला पगार कशाला? लोक हसले. दुसरा म्हणाला, "बेटेगावच्या पोरांना गाडी येते न्यायला, इंग्लिश मीडियमची. ती पोरं टाय लावतात. आमची पोरं शाळेत जाऊन काय बोलणार, 'नाय हाय'?" परत हसले. माझं जुनं नाव त्यांना आठवत होतं.

मग बा उभा राहिला. आयुष्यात कुठल्याच सभेत तो बोलला नव्हता. मला वाटलं माझ्या बाजूने बोलेल.

"माझी पोरगी बोली सोडून बी.ए. झाली," तो म्हणाला. "मी सोडवली तिची. आमाला या बोलीनं काय दिलं? वाडीत हसले, कचेरीत हसले. आता शाळेत बी तीच शिकवायची? पोरांना पुढं न्या. मागं नका आणू."

आणि बसला. कुणी हसलं नाही. सरपंच म्हणाले की आता घरचाच माणूस बोलला, पुढचा विषय घेऊ या.

मला बाचा राग आला नाही असं लिहायला आवडलं असतं. आला, अजून आहे. पण तो खोटं बोलला नव्हता. मी त्याच्याच धड्याने पुढे गेले होते. म्हणून मी त्याला उत्तर दिलं नाही, सभेला दिलं.

"माझ्याबरोबर पहिलीत आम्ही अठरा होतो," मी म्हणाले. "बोली सगळ्यांचीच सोडवली, पट्टीनं. बी.ए. एक झाली. बाकीचे सतरा कुठं आहेत?"

सतरांतले नऊ-दहा समोरच बसले होते. कुणी खाली बघत होतं, कुणी विडी शोधत होतं. त्यांतली एक माझ्या शेजारी बसायची, माझ्याच ताटलीत खिचडी खायची. दुसरीतून तिला वीटभट्टीवर नेलं ती परत शाळेत आली नाही. तिची मुलगी आमच्या वर्गात दोन वर्षं होती. माझी ती मैत्रीण बसल्या जागेवरून बोलली.

"मी त्या अठरातली. माना आजून माझा नाव लिवता येत नाय. माझी पोरगी घरी येऊन गोष्ट वाचते, ती माना कळते. टीवी लावतात ती तिलाबी कळत नाय, मानाबी कळत नाय."

बायकांत कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात मागून एक आवाज आला. कुणाचा ते मला माहीत आहे, पण नावं लिहायची नाहीत असं ठरवलं आहे. "ते सगळं ठीक, पण हिला घरबसल्या नोकरी पायजे, ते सांगा की."

त्यावर मी जे बोलले ते अभिमानाने बोलले की मूर्खपणाने, हे मला आजही ठरवता येत नाही. मी म्हणाले, माझं नाव ठरावात घालू नका. बोली येणारी दुसरी कुणीही ठेवा, शिकवून मी तयार करीन, पैसे न घेता. असं लिहूनच घ्या.

ग्रामसेवकाने मान वर करून विचारलं, "लिहू?"

"लिहा," मी म्हणाले.

आता सरपंचांना अडचण झाली. त्यांच्या पेव्हर ब्लॉकचा विषय सहावा होता आणि बायका निम्म्याहून जास्त होत्या. पहिलीतल्या माझ्या त्या शेजारणीने ते आधी ओळखलं. ती म्हणाली की आधी शाळेला हात वर करू, मग तुमच्या ठोकळ्यांना. सरपंच हसले, मग सगळेच हसले, आणि असा तो ठराव झाला. धोरण म्हणून नव्हे, पटलं म्हणूनही नव्हे. ठोकळ्यांच्या बदल्यात.

हात वर झाले. आयचा हात ग्रामसेवकाने मोजणी सुरू करायच्या आधीपासून वर होता. तिच्या शेजारी बा मांडीवर दोन्ही हात ठेवून बसला होता. ठोकळ्यांनाही त्याने हात वर केला नाही. घरी जाताना तो माझ्या पुढे चालत होता. वाटेत एकदा थांबून म्हणाला, "नोकरी सोडलीस." मी म्हणाले, हो. तो म्हणाला, "बी.ए. होऊन."

पलीकडच्या पाड्यातली एक बारावी झालेली मुलगी निवडली गेली. तिला मी सुट्टीत पंधरा दिवस शिकवलं, कार्डं सगळी तिच्या हवाली केली. पेजेचं कार्ड फाटायला आलं होतं, ते नवीन करून दिलं. पहिल्या दिवशी ती खेळ घेत होती तेव्हा मी खिडकीशी उभी होते. तिने माझ्यासारखंच "तुझी" आणि "तुझं" म्हटलं. मुलांनी ओंजळ केली, पुस्तकं उघडली. मला कुणी आत बोलावलं नाही, मीही गेले नाही. माझी बस होती. मी परत तारापूरला पॅकिंगमध्ये आहे. सुपरवायझर तोच आहे.

पेव्हर ब्लॉक शाळेपर्यंत आले, पहिल्याच पावसात दोन ठिकाणी खचले. टीव्ही चालू आहे. वर्गाचा ठराव एका वर्षाचा होता. यंदा सभेत पुन्हा मांडावा लागला, आणि यंदा बदल्यात द्यायला ठोकळे नव्हते. तरी मंजूर झाला, थोड्या कमी हातांनी. बाचा हात यंदाही खालीच होता.

वर्ग सुरू आहे. पहिलीत तेरा मुलं आहेत. दिवाळीच्या आत तेराही वाचायला लागली, आणि पेज या शब्दावरून त्यांतल्या एकालाही मार पडलेला नाही.